बूटलोडर बदलायचा तर आधी परतीची वाट बांध

नाशिकच्या सिडकोतल्या एका पॉलिटेक्निकच्या मुलाने विचारलंय: "दादा, घरी टीपी-लिंकचा आर्चर सी७, व्हर्जन २ आहे. त्यावर मी ओपनडब्ल्यूआरटी टाकलंय आणि ते नीट चालतंय. परवा सिरियल केबल लावून पाहिलं तर सुरुवातीलाच 'यू-बूट १.१.४' असं आलं. ते तर २००५ सालचं व्हर्जन आहे म्हणे. याच राउटरसाठी बनवलेल्या एका नव्या बूटलोडरची फाइल मला मिळालीय. तो असला की बिघाड झाल्यावर ब्राउझरमधूनच फर्मवेअर टाकता येतं. टाकू का? टाकायचा तर कसा? आणि मध्येच लाइट गेली तर?"

इतर वाचणाऱ्यांसाठी आधी दोन शब्द. बूटलोडर म्हणजे राउटर चालू होताना सगळ्यात आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम, यू-बूट हा त्यातलाच एक. फर्मवेअर म्हणजे त्यानंतर राउटर चालवणारं सॉफ्टवेअर, आणि ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे कंपनीच्या फर्मवेअरच्या जागी टाकता येणारं लिनक्सवर बेतलेलं फर्मवेअर. सिरियल केबल म्हणजे राउटरच्या बोर्डाला जोडून त्याचे संदेश कॉम्प्युटरवर दाखवणारी तार.

घरात हा एकच राउटर असेल, बाबांचं ऑफिसचं काम आणि बहिणीचे क्लास त्याच्यावर चालत असतील, तर टाकू नकोस. शिकायची हौस असेल तर जरूर टाक, मला आनंदच होईल. पण आधी दुसरा राउटर घरी लावून दे, आणि याची अख्खी फ्लॅश चिप, म्हणजे सगळं सॉफ्टवेअर जिच्यात साठवलेलं असतं ती, वाचून तिची प्रत कॉम्प्युटरवर आणि पेनड्राइव्हवर ठेव. ती प्रत हातात येईपर्यंत नव्या फाइलकडे बघायचंसुद्धा नाही.

लाइट जाण्याची तुला सगळ्यात जास्त भीती वाटतेय. माझा अनुभव वेगळा आहे. अंबडला माझ्या टेबलावर बूटलोडर गेलेले जे राउटर येतात, त्यांत वीज गेल्यामुळे मेलेले फार थोडे. बहुतेक सगळे चुकीच्या फाइलने मेलेले असतात. फाइल दुसऱ्याच व्हर्जनची असते, किंवा बरोबर असूनही चुकीच्या जागी लिहिलेली असते, किंवा लिहिल्यावर न तपासता राउटर बंद-चालू केलेला असतो. म्हणून लाइटकडे शेवटी येतो.

राउटरला वीज मिळाली की प्रोसेसर सरळ फ्लॅश चिपच्या सुरुवातीला जातो आणि तिथे जे लिहिलेलं असेल ते चालवायला लागतो. तिथे बूटलोडर असतो. तो रॅम जागी करतो, प्रोसेसर किती वेगाने पळायचा ते ठरवतो, लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, फ्लॅशमधून उचलून रॅममध्ये ठेवतो आणि त्याच्या हाती कारभार देऊन बाजूला होतो. सगळं मिळून काही सेकंदांचं काम. त्यानंतर पुढच्या वेळी राउटर चालू होईपर्यंत त्याचा कशाशीच संबंध नसतो. त्यामुळे बूटलोडर नवा केल्याने वाय-फायची रेंज वाढत नाही आणि इंटरनेटचा वेगही वाढत नाही. सुरक्षिततेसाठी म्हणून बदलावा, असंही मला वाटत नाही. घरच्या राउटरमध्ये बाहेरचा माणूस शिरतो तो जुन्या फर्मवेअरमधून, सोप्या पासवर्डातून, नाहीतर बाहेरून सेटिंग उघडण्याची सोय चालू राहिली म्हणून. तुला काळजी असेल तर ओपनडब्ल्यूआरटी ताजं ठेव. त्याच्या नेहमीच्या अपडेटमध्ये तुझ्या राउटरच्या बूटलोडरला हातही लागत नाही, आणि ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे.

एका बाबतीत मात्र बूटलोडरने वेग खरंच बदलतो. काही सुधारलेल्या बूटलोडरमध्ये प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायची सोय असते. ती वापरू नकोस. टीव्हीच्या मागे, भिंतीला चिकटून ठेवलेला राउटर एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे आधीच पुरेसा तापलेला असतो.

आता ते २००५. यू-बूट हा वोल्फगांग डेंक यांनी सुरू केलेला प्रकल्प. १.१.४ हे व्हर्जन २००५ सालचं, हे तुझं बरोबर आहे. २००८ पासून तिथे व्हर्जनला वर्ष आणि महिन्याचे आकडे द्यायला लागले, म्हणून १.१.४ हा आकडा आज आणखी जुनाट वाटतो. पण टीपी-लिंकने तो पाया घेऊन त्यात आपल्या चिपसाठी भर घातली आणि पुढे कित्येक वर्षं तोच वापरला. सिरियलवर त्या ओळीत पुढे कंसात एक तारीख येते, ती बघ. तुझा बूटलोडर त्या दिवशी तयार झालाय. आणि तो जुना असला तरी तुझ्या बोर्डावरच्या रॅमसाठी जुळवून घेतलेला आहे. कंपनीने तो लाखो डब्यांवर चालवून पाहिलेला आहे. मिळालेली फाइल बनवणाऱ्याने ती किती बोर्डांवर चालवली, हे आधी शोधून काढ.

तुझ्या सध्याच्या बूटलोडरमध्ये राउटर वाचवायची सोय आधीपासूनच आहे. रीसेट दाबून धरायचं आणि राउटर चालू करायचा, तो १९२.१६८.०.६६ या पत्त्यावर टीएफटीपी सर्व्हर (फाइल पाठवणारा साधा प्रोग्रॅम, तो कॉम्प्युटरला हाच पत्ता देऊन त्यावर चालू ठेवायचा) शोधतो आणि एका ठरलेल्या नावाची फाइल मागतो. तुझ्या मॉडेलसाठी ते नाव 'आर्चरसी७व्ही२_टीपी_रिकव्हरी' आणि पुढे डॉट बिन. इंग्रजीत लिहिताना ए आणि सी ही दोनच अक्षरं कॅपिटल, अंडरस्कोर जिथल्या तिथे. एक अक्षर चुकलं तरी राउटर फाइल घेत नाही आणि माणसाला वाटतं राउटर मेला. आणखी एक खुबी ध्यानात ठेव: कॉम्प्युटर आणि राउटर यांच्यामध्ये एक साधा स्विच लाव. केबल थेट जोडलेली असली की राउटर फाइल मागतो त्या क्षणी कॉम्प्युटरचा लॅन पोर्ट अजून जागा होत असतो, आणि ती वेळ हुकते. स्विच मध्ये असला की कॉम्प्युटरच्या बाजूची जोडणी सतत चालू राहते. विंडोज असेल तर तेवढ्यापुरतं फायरवॉल बंद कर. ही रिकव्हरी एकदा करून बघ. ती जमली, तर नव्या बूटलोडरने तुला जास्तीचं काय मिळणार? टीएफटीपीच्या जागी ब्राउझर. सोय चांगली आहे, पण तिच्यासाठी किती धोका पत्करायचा ते तूच ठरव.

बूटलोडर बदलणं खरोखर गरजेचं असतं अशी उदाहरणं आहेत. लिंक्सिस ई८४५० आणि त्याचाच जुळा भाऊ बेल्किन आरटी३२०० यांच्यावर ओपनडब्ल्यूआरटी २४.१० हवं असेल तर आधी ठरलेला इन्स्टॉलर चालवून फ्लॅशची मांडणी आणि तिच्यासोबत बूटलोडर बदलून घ्यावा लागतो. कुणी फ्लॅश चिप काढून मोठी बसवली आणि जुन्या बूटलोडरला ती ओळखता आली नाही, तर तिथेही इलाज नसतो. तुझ्याकडे यातलं काही नाही. त्यामुळे तू हे करणार ते शिकण्यासाठी, आणि तेही कारण मला मान्य आहे. मीही असाच शिकलो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ही कुणी नीट सांगत नाही आणि माझे त्यात दोन दिवस गेलेत.

तुझ्या राउटरची फ्लॅश १६ मेगाबाइटची आहे. तिचे कप्पे असे: सुरुवातीचे १२८ किलोबाइट बूटलोडरचे, अगदी शेवटचे ६४ किलोबाइट 'आर्ट' नावाच्या कप्प्याचे, आणि मधला सगळा भाग फर्मवेअरचा. आर्ट म्हणजे अथेरॉस रेडिओ टेस्ट. कारखान्यात प्रत्येक राउटरचा रेडिओ तपासून जी मापं निघतात ती त्यात असतात, त्या एका नगापुरती. ती गेली की कुठून डाउनलोड होत नाहीत. दुसऱ्या राउटरची घातली तर वाय-फाय दिसतं, पण रेंज आणि वेग यांचा काही भरवसा राहत नाही.

बूटलोडरच्या कप्प्यातही असंच काहीतरी दडलेलं आहे. त्या १२८ किलोबाइटमध्ये पहिले १२७ प्रोग्रॅमसाठी. शेवटच्या एका किलोबाइटमध्ये टीपी-लिंकने राउटरचा मॅक पत्ता (नेटवर्कवर राउटर ज्याने ओळखला जातो तो त्याचा स्वतःचा क्रमांक), मॉडेलचा नंबर आणि मागच्या स्टिकरवरचा पिन ठेवलेला आहे. मॅक पत्ता तिथे जेमतेम सहा बाइटचा, बरोबर १३००४८व्या बाइटपासून. ओपनडब्ल्यूआरटी दर वेळी चालू होताना तो तिथूनच वाचतं. तू मिळालेली फाइल जशीच्या तशी लिहिलीस तर ते सहा बाइट पुसले जातील, किंवा फाइल बनवणाऱ्याच्या राउटरचा पत्ता तुझ्या राउटरला चिकटेल.

काही वर्षांपूर्वी कॉलेज रोडच्या एका क्लासमध्ये मी याच कुळातले तीन सारखे राउटर बसवले. एकावर सगळं मनासारखं जमलं, म्हणून त्याच्या चिपची पूर्ण प्रत उरलेल्या दोघांवर लिहिली. टेबलावर एकेक करून तिन्ही तपासले, तिन्ही उत्तम. क्लासमध्ये एकत्र लावले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन: मोबाईल जोडले जातात, दोन मिनिटांनी तुटतात, पुन्हा आपोआप जोडले जातात. मी केबल बदलल्या, चॅनल बदलले, स्विच बदलला, अडॅप्टरसुद्धा बदलून झाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिन्ही डबे उलटे करून स्टिकर वाचत बसलो तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. स्टिकरवर तीन वेगळे मॅक पत्ते, आणि आत तिघांचाही एकच. स्विचला कळेना की हा पत्ता नेमका कोणत्या पोर्टवर आहे, आणि मोबाईलला तीन खोल्यांत एकच राउटर दिसत होता. आर्टसुद्धा तिघांत एकाचीच गेली होती. त्या उरलेल्या दोन राउटरची मूळ प्रत मी घेतली नव्हती, त्यामुळे मॅक पत्ते स्टिकरवरून हाताने भरता आले, पण रेडिओची मापं कायमची गेली. ते दोन राउटर मी स्वतःच्या पैशाने बदलून दिले. तेव्हापासून प्रत घेतल्याशिवाय मी कुणाच्याही चिपवर काहीही लिहिलेलं नाही.

म्हणून पहिलं काम वाचायचं. हे राउटर न उघडता होतं. एसएसएचने, म्हणजे कॉम्प्युटरवरून राउटरला हुकूम देण्याच्या वाटेने, आत जा आणि 'प्रोक'च्या खालची 'एमटीडी' नावाची फाइल छापून बघ. कप्प्यांची नावं आणि मापं दिसतील. प्रत्येक कप्पा एकेक करून टेम्प फोल्डरमध्ये उतरव आणि तिथून कॉम्प्युटरवर घे. टेम्प रॅममध्ये असतो, राउटर बंद झाला की तो रिकामा. म्हणून लगेच घे. मग राउटरवर आणि कॉम्प्युटरवर दोन्हीकडे त्या फाइलचा शा-२५६ (फाइलचा ठसा, एक बाइट बदलला तरी तो बदलतो) काढून ताडून पाहा. बूटलोडरची फाइल बरोबर १३१०७२ बाइटची हवी. हेक्स एडिटरमध्ये (फाइलचा एकेक बाइट दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून १३००४८व्या बाइटवर जा. तिथले सहा बाइट स्टिकरवरच्या मॅक पत्त्याशी जुळले पाहिजेत. जुळले की समज, तुला कप्प्याचा नकाशा खरोखर कळलाय. जुळले नाहीत तर तुझ्या बोर्डाची मांडणी मी सांगतोय त्यापेक्षा वेगळी आहे. पुढे जाऊ नकोस.

या प्रतीने अर्धं काम होतं. बूटलोडर गेला तर ती राउटरमध्ये परत कोण घालणार? आत काहीच चालत नसेल तर बाहेरूनच लिहावं लागतं, आणि त्यासाठी प्रोग्रॅमर लागतो. सीएच३४१ए नावाचा यूएसबीचा छोटा प्रोग्रॅमर आणि आठ पायांच्या चिपला पकडणारी क्लिप, दोन्ही ऑनलाइन स्वस्तात मिळतात. घेताना एक बघ: याचा सर्रास मिळणारा काळा बोर्ड चिपला वीज ३.३ व्होल्टची देतो, पण डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट सोडतो. तुझ्या राउटरची चिप ३.३ व्होल्टची आहे. पुष्कळ जणांचं यावर निभावतं, मीही सुरुवातीला तोच वापरला, पण दुसऱ्याच्या राउटरवर मी तो लावत नाही. व्होल्टेज निवडायचं बटण असलेला बोर्ड घे. काही नव्या राउटरमध्ये १.८ व्होल्टच्या चिप असतात, तिथे तर त्याच्याशिवाय गत्यंतर नाही.

क्लिप लावताना राउटरचा अडॅप्टर काढलेला असावा. चिपवर एका कोपऱ्यात ठिपका असतो, तो पहिला पाय. क्लिपची लाल तार तिकडे. मग फ्लॅशरॉम या प्रोग्रॅमने अख्खी चिप वाच. काही मिनिटं लागतात. झालं की क्लिप काढ, पुन्हा लाव आणि दुसऱ्यांदा वाच. दोन्ही फाइलींचा शा-२५६ एकच आला पाहिजे. बऱ्याचदा येत नाही. कारण असं की क्लिपमधून चिपला दिलेली वीज बोर्डावर पसरते, राउटरचा प्रोसेसरही अर्धवट जागा होतो आणि त्याच तारांवरून चिपशी बोलायला लागतो. दोघं एकदम बोलले की वाचलेलं गढूळ होतं. क्लिप नीट बसव, तारा आखूड ठेव, यूएसबीची एक्स्टेन्शन केबल काढून टाक. तरी जुळलं नाही तर चिप बोर्डावरून उतरवावी लागते. सोल्डरिंग आयर्नने ओढाताण करू नकोस, पॅड उखडतात. एम. जी. रोडवर मोबाईल दुरुस्त करणाऱ्या कुणाहीकडे हॉट एअर, म्हणजे गरम हवेने सोल्डर वितळवायचं यंत्र, असतं. आठ पायांची चिप तो एक-दोन मिनिटांत स्वच्छ उतरवून देतो.

आता सिरियल केबल. ती तू जोडलीच आहेस, तरी एकदा सांगतो, कारण याच पायरीवर बोर्ड जळतात. तिचा यूएसबी-टीटीएल अडॅप्टर ३.३ व्होल्टवर ठेव. ग्राउंडला ग्राउंड, आणि एकाचा टीएक्स (पाठवणारी पिन) दुसऱ्याच्या आरएक्सला (घेणारी पिन). चौथी, व्होल्टेजची पिन मोकळी सोड. राउटरला त्याच्या अडॅप्टरची वीज आहे, दुसरीकडून देऊ नकोस. वेग १,१५,२००. चालू होताना एका सेकंदाची उलटी मोजणी दिसते, तेवढ्यात छोट्या अक्षरांत टी-पी-एल टाइप केलंस की बूटलोडर थांबतो आणि हुकमाची वाट बघतो. सेकंदच असतो, त्यामुळे दोन-तीन वेळा चुकेल.

नवी फाइल तयार करताना गडबड करू नकोस. आधी तिचं माप बघ. १२७ किलोबाइटपेक्षा, म्हणजे १३००४८ बाइटपेक्षा मोठी असेल तर ती तुझ्या राउटरच्या मांडणीत बसत नाही, विषय संपला. लहान असेल तर उरलेली जागा एफएफने (पुसलेल्या फ्लॅशमध्ये असतो तो बाइट) भरून बरोबर १३००४८ बाइट कर, आणि त्याच्यापुढे तुझ्या जुन्या प्रतीतला शेवटचा १०२४ बाइटचा तुकडा जोड. एकूण १३१०७२. जोडलेली फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडून मॅक पत्ता पुन्हा वाच. एवढं करायचं कारण फ्लॅशच्या स्वभावात आहे: ती एकेक बाइट पुसत नाही, आख्खा ठोकळा पुसते. तो शेवटचा किलोबाइट तसाच राहू दे म्हणून सांगितलं तरी तिला ते जमत नाही. ठोकळ्याबरोबर तोही पुसला जातो.

फाइलसोबतचं वर्णन वाचताना दोन गोष्टी शोध. कर्नल ती कुठे शोधते? तुझ्या राउटरवर तो १२८ किलोबाइट संपल्या संपल्या सुरू होतो. आणि स्वतःची सेटिंग्ज ती कुठे ठेवते? ती जागा आर्टच्या कप्प्यात येत असेल तर फाइल तिथेच सोडून दे. व्हर्जनही बघ: राउटरच्या स्टिकरवर 'व्हर २' असेल तर फाइलही व्हर्जन २ साठीचीच हवी. नाव सारखं असलं तरी आतला बोर्ड आणि मांडणी व्हर्जनगणिक बदलते. रॅमची जुळणी जराशी जरी चुकली तरी राउटर कधी चालू होतो, कधी होत नाही, कधी दोन दिवसांनी अडकतो, आणि असला बिघाड शोधणं फार जिवावर येतं.

लिहायचं ओपनडब्ल्यूआरटीमधूनच, असं माझं मत आहे. बूटलोडरच्या हुकूम-ओळीवरूनही लिहिता येतं, पण तिथे आकडे हाताने टाइप करावे लागतात आणि एक शून्य कमी-जास्त झालं की भलताच कप्पा पुसला जातो. ओपनडब्ल्यूआरटीत बूटलोडरचा कप्पा फक्त वाचण्यासाठी खुला असतो. लिहिण्यासाठी एक वेगळं मॉड्यूल टाकावं लागतं, आणि ते चालू करताना सोबत जो शब्द लिहावा लागतो त्याचा अर्थ 'मला वीट हवी आहे' असा आहे, वीट म्हणजे मेलेला राउटर. बनवणाऱ्याने ते तसं ठेवलंय, कारण हा हुकूम देताना माणसाने एकदा थांबावं. तूही थांब. दोन्ही प्रती जागेवर आहेत का, प्रोग्रॅमर चालतोय का, फाइलचा शा-२५६ राउटरवर जाऊनही तोच आहे का, हे तिथे पुन्हा बघ.

मग एमटीडीच्या हुकमाने लिही. आणि लिहून झालं की राउटर बंद-चालू करू नकोस. यात जो वाचतो त्याचं बहुतेक सगळं श्रेय या एका संयमाला असतं. राउटर त्या क्षणी रॅममधल्या लिनक्सवर चालतोय. बूटलोडरच्या जागी कचरा लिहिला गेला असला तरी तो जिवंत आहे आणि तुझं ऐकतोय. तो कप्पा परत वाच, शा-२५६ काढ, तुझ्या फाइलशी ताडून पाहा. जुळला नाही तर पुन्हा लिही. तेही जमलं नाही तर जुनी प्रत परत लिही आणि ती तपास. सगळं जुळल्यावरच राउटर बंद कर, तेही सिरियल केबल लावलेली ठेवून, म्हणजे नवा बूटलोडर काय म्हणतो ते डोळ्यांनी दिसेल.

आता तुझी लाइट. १२८ किलोबाइट पुसून लिहायला फार तर एक-दोन सेकंद लागतात. मोठं फर्मवेअर लिहायला त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो, पण तिथे लाइट गेली तर सावरायला बूटलोडर असतो. इथे सावरायला कुणी नाही. शिवाय खरा नाजूक काळ लिहिण्याच्या सेकंदापुरता नसतो. लिहिलेलं तपासून जुळेपर्यंतची पाच-दहा मिनिटं सगळी त्यातच धर. म्हणून राउटरसाठी मिळतो तो १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लाव. तुझ्या अडॅप्टरवर लिहिलेत तितके अँपिअर तो देतो का ते वाचून घे, कमी असेल तर तोच मध्ये दगा देईल. आदल्या दिवशी भिंतीतली पिन काढून राउटर त्याच्यावर अर्धा तास चालवून बघ. आणि हे काम सकाळी कर. मेमध्ये संध्याकाळी वळवाचे ढग त्र्यंबकच्या बाजूने भरून यायला लागले की आपल्याकडे काय होतं ते तुला मी सांगायला नको. लॅपटॉपही चार्ज केलेला ठेव.

एवढं करूनही नवा बूटलोडर उठला नाही, सिरियलवर एक अक्षरही आलं नाही, तर घाबरू नकोस. अडॅप्टर काढ, क्लिप लाव, आधी घेतलेली १६ मेगाबाइटची पूर्ण प्रत फ्लॅशरॉमने परत लिही. फ्लॅशरॉम लिहिल्यावर स्वतः तपासतो. राउटर होता तिथे परत येतो, मॅक पत्त्यासकट, रेडिओच्या मापांसकट. मी हे आधी बांधून ठेव म्हणत होतो ते याच्यासाठी.

आणखी दोन गोष्टी, कारण तू इथेच थांबशील असं वाटत नाही. पुढे मीडियाटेकच्या चिपचा जुना राउटर हाताशी आला तर त्याच्या बूटलोडरमध्ये आकड्यांचा मेनू येतो. २ म्हणजे फर्मवेअर लिही. ९ म्हणजे बूटलोडर लिही. फर्मवेअरची फाइल देताना ९ दाबून आपल्या हाताने बूटलोडर पुसलेले राउटर माझ्याकडे आलेले आहेत. मीडियाटेकच्या काही नव्या चिपमध्ये, उदाहरणार्थ एमटी७९८१ मध्ये, प्रोसेसरच्या आतच एक छोटा कायमचा प्रोग्रॅम असतो, आणि फ्लॅश पूर्ण बिघडली तरी सिरियल केबलवरून बूटलोडर रॅममध्ये चढवता येतो. तुझ्या सी७ ला ते भाग्य नाही. २०२४ च्या शेवटी आलेल्या ओपनडब्ल्यूआरटी वन या राउटरमध्ये तर दोन वेगळ्या फ्लॅश चिप दिल्यात, एक रोजची आणि एक फक्त वाचवण्यासाठी, आणि कोणत्या चिपवरून चालू व्हायचं ते बाहेरच्या बटणाने ठरतं. शिकायला म्हणून पैसे घालणार असशील तर असा राउटर घे.

आणि फायबरवाल्याने दिलेल्या डब्याला हात लावू नकोस. तो बहुतेक वेळा त्यांच्या मालकीचा असतो, त्यात तुमच्या जोडणीची ओळख भरलेली असते, आणि ती गेली तर घरातलं इंटरनेट त्यांचा माणूस येईपर्यंत बंद.

तू आता एवढंच कर: कप्पे उतरवून घे, मग क्लिपने पूर्ण चिप दोनदा वाच. पूर्ण प्रतीतले पहिले १२८ किलोबाइट आणि शेवटचे ६४ किलोबाइट कापून ते राउटरमधून उतरवलेल्या बूटलोडर आणि आर्टच्या फाइलींशी ताडून पाहा. मधला भाग जुळणार नाही, तुझी सेटिंग्ज तिथे सतत बदलत असतात, त्याची काळजी नको. ही दोन टोकं जुळली की मला कळव, मग नवी फाइल एकत्र बसून बघू. नाही जुळली तर बोर्ड घेऊन अंबडला ये, चिप उतरवून वाचू. येताना मागच्या स्टिकरचा फोटो काढून आण. हाताळून हाताळून त्याच्यावरचे आकडे पुसट होतात.